मीटर वर घ्यायचे कोणासाठी? नागपूरच्या एका फ्लॅट स्कीममधले प्रकरण

हे प्रकरण एका स्कीमचे, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीचे आहे: पुरानंतर विजेचे मीटर उंचावर न्यायचे का, यावरचे. माणसांची नावे घेतलेली नाहीत, ले-आउटचेही नाही, आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. मी तिथे राहत नाही. युक्तिवाद आणि भाषण शिकवणे हे माझे काम. स्कीमचे सचिव ओळखीचे, त्यांनी बोलावले म्हणून मी दोन बैठकांना मागच्या खुर्चीवर बसले. बाकीचे इतिवृत्तातून आणि माणसांशी बोलून जुळवले. तर्क, बोलणाऱ्यावरचा विश्वास आणि भावना ही मन वळवण्याची तीन साधने पुस्तकात वेगवेगळी शिकवतात. इथे ती एकमेकांच्या पायात कशी आली आणि नंतर कशी जुळली, ते सांगायचे आहे.

पार्श्वभूमी

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून धो धो वाहू लागला आणि नाग नदी काठावरच्या वस्त्यांत शिरली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, पुढे सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानक, सगळीकडे पाणी. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते. मुखवटे अजून जागेवर होते, उरलेली आंबील ओट्यावर झाकलेली होती आणि माणसे दमून झोपली होती. पाणी त्या झोपेत आले.

ही स्कीम नदीपासून दोन गल्ल्या आत. खाली पार्किंग, पार्किंगच्या मागच्या अंगाला दोन फ्लॅट, वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार, एकूण अठरा. नागपुरातल्या बऱ्याच स्कीमांसारखी हीदेखील महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली नोंदलेली आहे. सहकारी सोसायटी नाही. त्यामुळे सामाईक खर्च कसा वाटायचा, हे डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदणीच्या दस्तात, लिहिलेल्या प्रत्येकाच्या अविभक्त (सामाईक मालकीतल्या) हिश्श्यावरून ठरते. मीटर रूम पार्किंगच्या कोपऱ्यात, आणि तिला लागूनच चौकीदाराची खोली.

त्या पहाटे पार्किंगमध्ये साडेतीन फूट पाणी चढले. चौकीदाराने आधी मागच्या दोन्ही फ्लॅटची दारे ठोकून माणसांना जिन्यावर काढले. मग तो मेन स्विच पाडायला मीटर रूमकडे निघाला. कमरेच्या वर पाणी, एका हातात उंच धरलेली टॉर्च. पहिल्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडल्या, “हात नको लावू रे बाबा तिथं! वर ये आधी.” तो थांबला, वळला, वर आला. मीटरची खालची ओळ तेव्हा पाण्यात होती आणि तिसऱ्या मजल्याच्या एका खिडकीत दिवा जळत होता. म्हणजे वीज चालू होती. थोड्या वेळाने त्या भागाचाच पुरवठा बंद झाला.

कोणी दगावले नाही. खालच्या दोन्ही घरांतले सामान गेले, गाड्या गेल्या, पाण्याची मोटर आणि तिचे स्टार्टर पॅनेल जळाले, लिफ्टच्या खड्ड्यातले भाग निकामी झाले. चार दिवस इमारतीत वीज नव्हती. भिंतीवर गाळाची एक सरळ रेघ राहिली; रंग देताना ती मुद्दाम ठेवली आहे.

अडचण

सचिव स्वतः खालच्या एका फ्लॅटमध्ये राहतात. पूर ओसरल्यावर त्यांनी लगेच प्रस्ताव मांडला: अठराही मीटर, मोटरचे पॅनेल आणि मेन स्विच जिन्याच्या मधल्या लँडिंगवर न्यायचे. अंदाजे खर्च पाच लाख. दसऱ्याच्या आधी पहिली बैठक झाली.

त्या बैठकीचे इतिवृत्त मी दोनदा वाचले. सचिवांची तयारी चांगली होती. नुकसानीची यादी, दुरुस्तीचा खर्च, कंत्राटदाराचा अंदाज, प्रत्येकी किती येईल त्याचा तक्ता. तर्काच्या बाजूने त्यात खोट नव्हती. तरी पहिल्या दहा मिनिटांत चर्चा भलतीकडे गेली. बिल्डरने मीटर खाली का ठेवले? नाल्याच्या तोंडावर कोणी बांधले? तलावाच्या सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाने पाणी अडवले का? (तो वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला.) आधीच्या कमिटीने पावसाळ्यापूर्वी चेंबर साफ केले होते का? दोन तास हेच चालले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “आमच्या मजल्यावर कुठं आलं होतं पानी? ज्याच्या घरात आलं त्यानं पाहावं ना.” बैठक तिथेच संपली.

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात भाषणांचे प्रकार पाडताना एक भेद केला आहे, आणि अशा बैठकांत मला तो फार उपयोगी वाटतो. न्यायालयातले बोलणे झालेल्या गोष्टीबद्दल असते: दोषी कोण. सभेतले बोलणे पुढच्या गोष्टीबद्दल असते: आता काय केले तर हित होईल. विषय दुसऱ्या प्रकारचा होता आणि लोक पहिल्या प्रकारात शिरले. दोषी शोधण्यात गैर काही नाही, नुकसानभरपाईसाठी ते करावेच लागते. पण दोषी सापडला की मनाला वाटते काम झाले, आणि मीटर जिथे होते तिथेच राहतात.

दुसरी गोष्ट जास्त खोल होती. सचिवांच्या सगळ्या तक्त्याखाली एक न बोललेले गृहीत होते: पाणी पुन्हा येणार. ज्याच्या गादीखाली गाळ साचला त्याला ते सांगावे लागत नाही. चौथ्या मजल्यावरचा माणूस मात्र “असा पाऊस शंभर वर्षांतून एकदा” असे धरून बसला होता. रोजच्या बोलण्यातला युक्तिवाद नेहमीच अर्धा असतो, उरलेला अर्धा ऐकणारा आपल्या मनाने भरतो. इथे त्याने वेगळाच अर्धा भरला.

तिसरी गोष्ट बैठकीत कोणी बोलले नाही, पण जिन्यात सगळे बोलत होते. अंदाज देणारा कंत्राटदार सचिवांचा साळा होता.

दिवाळीनंतरची बैठक

ही मी पाहिली. आकड्यांनी काम झाले नाही म्हणून सचिवांनी भावनेचा मार्ग घेतला. टीव्हीवर फोटो लावले: चिखलात पडलेले देव्हाऱ्यातले देव, फुगलेली पुस्तके, कपाटाच्या वरच्या फळीवर घाईने ठेवलेला महालक्ष्मीचा मुखवटा. खोली शांत झाली होती. तेवढ्यावर ते थांबले असते तर कदाचित बरे झाले असते. पण ते म्हणाले, “उद्या कोणी मेलं तर त्याचं पाप तुमच्या माथी.”

वातावरण तिथेच फिरले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या पुराच्या दिवसांत खालच्या दोन्ही घरांना डबे पोचवत होत्या, त्यांचाच आवाज सर्वांत वर चढला: “आम्ही काय केलं? आम्हाले काऊन पापी ठरवून राहिले?” मग साळ्याचा विषय निघाला. मग खालच्या फ्लॅटचा भाव पडला म्हणून हा सगळा खटाटोप, असेही कोणी बोलले.

याला लोकांचा निगरगट्टपणा म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. येल विद्यापीठात १९६०च्या दशकात धनुर्वाताच्या लशीवर एक प्रयोग झाला होता. विद्यार्थ्यांना रोगाची भीती घालणारा मजकूर दिला. भीती बसली, मत बदलले, पण लस घ्यायला फारसे कोणी गेले नाही. ज्यांना दवाखान्याचा नकाशा दिला आणि कोणत्या वेळी जाल ते ठरवायला सांगितले, त्यांच्यातले लक्षणीय जास्त गेले. नुसती भीती दिली आणि हाताला करण्यासारखे काही दिले नाही, तर माणूस धोक्यापासून स्वतःला वाचवण्याऐवजी त्या बोलण्यापासूनच वाचवतो. इथे भीतीबरोबर पाच लाखांचा आकडा होता आणि सोबत पापाचा शिक्का. वहिनींनी तो शिक्का झटकला. कोणीही झटकला असता.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधायला केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे फक्त पाडत जाणारी वितंडा. दिवाळीनंतरची ती बैठक जल्पाने सुरू झाली आणि वितंडेत संपली. शेवटच्या अर्ध्या तासात पर्याय म्हणून एकही वाक्य कोणी उच्चारले नाही.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री सचिव माझ्याकडे आले. रागावलेले होते, आणि त्यांचा राग मला पटत होता. घर त्यांचे बुडाले होते. आम्ही तीन मार्ग मांडले.

पहिला कायद्याचा. १९७० च्या कायद्यात वीज, पाणी, मोटर यांसारख्या सामाईक सेवांची यंत्रणा सामाईक सुविधांत धरली आहे आणि तिच्या खर्चात प्रत्येकाला त्याच्या हिश्श्याप्रमाणे भाग घ्यावा लागतो. बहुमताने ठराव करून वसुली लावता आली असती. ठराव मंजूर झालाही असता कदाचित. पण अठरा घरांच्या इमारतीत वर्षानुवर्षे एकाच लिफ्टमधून जायचे असते.

दुसरा मार्ग, जे पैसे देतील त्यांचेच मीटर वर घ्यायचे. हा ऐकायला न्याय्य वाटतो. पण एका जरी मीटरला पाण्यात वीज राहिली तर पार्किंगमधल्या सगळ्यांना धोका तोच. धोका सामाईक असताना उपाय तुकड्यातुकड्याने करून भागत नाही.

तिसरा मार्ग सचिवांना सर्वांत कठीण होता: प्रस्ताव स्वतःच्या हातून सोडायचा. ॲरिस्टॉटलच्या मते बोलणाऱ्यावर विश्वास बसतो तो तीन गोष्टींमुळे: त्याला विषयातले कळते, तो सचोटीचा आहे, आणि त्याला आपले भले हवे आहे. सचिवांना विषय कळत होता. त्यांची सचोटीही मला माहीत आहे. प्रश्न तिसऱ्याचा होता, ‘हा माझ्या भल्याचे बोलतो की स्वतःच्या?’ आणि त्या प्रश्नाला त्यांच्याकडे खाली राहणारा माणूस म्हणून उत्तर नव्हते. आपल्याकडेही न्यायसूत्रांत शब्द प्रमाण मानला आहे तो आप्ताचा, म्हणजे ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो त्याचा. आकडे कितीही बरोबर असोत, आधी कान उघडावा लागतो, आणि कान माणूस पाहून उघडतो. या प्रकरणातून मी हेच सर्वांत ठामपणे सांगेन.

मग बोलणार कोण? सचिवांच्या मनात दोन मित्र होते. मी चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त अभियंत्यांचे नाव सुचवले. पहिल्या बैठकीत “शंभर वर्षांतून एकदा” म्हणणारे तेच होते. सचिव म्हणाले, “ते तर मुळावरच घाव घालतील.” धोका होताच. पण त्यांचा जो आक्षेप इतिवृत्तात एका ओळीत होता, तो वाचून मला वाटले की त्यांना काम नकोय असे नाही, हे काम नकोय.

निर्णयाचे वळण

एका रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर सचिवांनी त्यांना गाठले. ते संभाषण मला दोघांकडून कळले, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता.

“साहेब, तुम्ही म्हणता तसंच करू. पण करायचं काय ते तरी सांगा.”

“मी केव्हाचा सांगून राहिलो. जिन्यात मीटर लावायचे नाहीत. आग लागली तर लोक उतरतील कुठून? तुम्ही पाण्यापासून वाचवून राहिले आणि आगीत घालून राहिले.”

“मग जागा कोणती?”

“तीच. फक्त उंच करा. किती लागते? रेघ तर भिंतीवर आहेच.”

म्हणजे पहिल्या प्रस्तावात खरोखर दोष होता. जिना ही सुटकेची वाट. तिथे अठरा मीटरांचे पॅनेल लावणे म्हणजे आगीच्या वेळी तीच वाट धुराने भरायची सोय. ही गोष्ट पहिल्या बैठकीत बोलली गेली होती, पण बिल्डर आणि स्मारक यांच्या गदारोळात ती कोणी ऐकली नाही. विरोधकाचा आक्षेप आपल्या बाजूला घेऊन प्रस्ताव सुधारणे हा तर्काचा सर्वांत प्रामाणिक उपयोग आहे, आणि तो फार क्वचित होतो.

पुढे तीन गोष्टी ठरल्या. अभियंते, पहिल्या मजल्यावरच्या काकू आणि स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारे आणखी एक मालक अशी तिघांची समिती. तीन वेगवेगळ्या परवानाधारक कंत्राटदारांकडून अंदाज, त्यात साळा नाही. आणि बैठकीच्या नोटिशीत सचिवांच्या सहीने एक वाक्य: ‘मी तळाच्या फ्लॅटमध्ये राहतो व या कामाचा मला इतरांपेक्षा अधिक फायदा आहे, म्हणून या विषयावर मी मतदान करणार नाही.’ हे वाक्य लिहिताना त्यांना जड गेले. मतदान सोडायची कायदेशीर गरज नव्हती. नोटीस लागली त्या संध्याकाळी जिन्यातली कुजबुज थांबली, असे काकू सांगतात.

सुधारलेली योजना साधी होती. मीटर रूम तीच, जमीन तीच, आत दोन पायऱ्यांचा पक्का ओटा. पॅनेलचा तळ जमिनीपासून साडेपाच फुटांवर, म्हणजे गाळाच्या रेघेच्या दोन फूट वर. ओट्यावर उभे राहिले की मीटर नेहमीच्या उंचीवर वाचता येतात. मेन स्विचही वर. खर्च पाचवरून पावणेतीन लाखांच्या आसपास आला.

चौकीदाराची गोष्ट सांगायची की नाही, यावर समितीत खूप चर्चा झाली. ती गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत होती, पण बैठकीत कोणी मांडली नव्हती. काकूंचे म्हणणे, ती सांगितल्याशिवाय या कामाचा अर्थच कळत नाही. अभियंत्यांना वाटत होते की पुन्हा कोणाला तरी पापी ठरवल्यासारखे होईल. मी म्हटले, आधी त्याला विचारा. गोष्ट त्याची आहे. काकूंनी विचारले. तो म्हणाला, “मी नाही बोलत बाई सगळ्यांसमोर. तुम्ही सांगा. पण मी भ्यालो असं नका सांगू.”

जानेवारीची बैठक

अभियंते उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली. “मी चौथ्या मजल्यावर. माझ्या घरात पाणी येणार नाही. माझा फ्लॅट मोठा, म्हणून हिस्साही जास्त जाईल. हे सगळं धरून बोलतो.” मग ते पुराबद्दल काही न बोलता पुरानंतरच्या चार दिवसांबद्दल बोलले. लिफ्ट बंद, मोटर बंद, गच्चीची टाकी दुसऱ्या दिवशी कोरडी. पत्नीचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, तिला खाली नेता येईना आणि वर पाणी नाही. “आमच्या मजल्यावर पाणी आलं नव्हतं हे खरंच. प्यायलाही नव्हतं.” खोलीत बरेच जण हसले, आणि ज्यांनी चार मजले बादल्या वाहिल्या होत्या त्यांनी मान डोलावली.

मला या भाषणातली ही जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. भावना होती, पण ती खालच्या लोकांबद्दलची कणव नव्हती. ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या आठवणीत असलेला त्रास त्याला पुन्हा दाखवला गेला. आणि त्याच वाक्याने तर्कातले जे गृहीत दोन बैठकांत गळत होते ते जाग्यावर बसले: हा तळमजल्याचा प्रश्न नाही.

त्यानंतर आकडे आले. अभियंत्यांनी स्वतःचेच जुने वाक्य उचलले. “शंभर वर्षांतून एकदा, असं मी म्हणालो होतो. समजा खरं आहे. म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं आपण किंवा आपली मुलं इथं राहणार. तीस वर्षांत निदान एकदा असा पाऊस येण्याची शक्यता किती? सव्वीस टक्के. चारात एक.” वहीत त्यांनी गणित मांडून आणले होते: ०.९९ चा तिसावा घात सुमारे ०.७४, उरले ०.२६. ज्याला पाहायचे त्याने वही पाहिली. विरोधकांचे गृहीत मान्य करूनच निष्कर्ष काढला होता, त्यामुळे गृहीतावर भांडायला जागाच उरली नाही.

काकू शेवटी बोलल्या आणि थोडक्यात. “तो मेन पाडायला निघाला होता. आपल्या सगळ्यांसाठी. मी ओरडले नसते तर काय झालं असतं, ते मला रोज सुचते.” त्याचे भिणे त्यांनी कुठेही आणले नाही. लगेच कागद फिरवला: तीन हप्ते, पहिला फेब्रुवारीत, नावासमोर डीडप्रमाणे हिस्सा. ऐकून हलल्यावर काय करायचे ते समोरच होते.

परिणाम

त्याच संध्याकाळी तेरा सह्या झाल्या, आठवड्यात आणखी तीन. दोन राहिल्या. एक मालक पुण्याला असतात. त्यांनी उन्हाळ्यात पैसे पाठवले. दुसरे तेच, तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांचे म्हणणे की खर्च अठरा घरांत सारखा वाटावा. डीड वाचून दाखवले, कायदा दाखवला. त्यांनी समान वाट्याएवढी रक्कम दिली आणि वरचा फरक आजही येणे आहे. वीज कंपनीकडे रीतसर अर्ज, सील उघडण्याची तारीख, एक दिवस पुरवठा बंद, हे सगळे एप्रिल-मे २०२४ मध्ये होऊन पावसाळ्याआधी काम उरकले.

लिफ्टच्या खड्ड्यातला उपसा पंप मात्र झाला नाही. पैसे संपले, आणि खरे सांगायचे तर लोकांचा उत्साहही.

पार्किंगमध्ये तेवढे पाणी पुन्हा चढलेले नाही. काही जण आता म्हणतात, पाहा, उगाच खर्च केला. अभियंते त्यांना ती वही दाखवतात. चारात तीन वेळा तर पाणी न येण्याचीच शक्यता होती.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या बैठकीत दोन विषय वेगळे करायला हवे होते. भरपाईचा आणि दोषींचा विषय एका बैठकीत, पुढच्या कामाचा दुसऱ्या. लोकांच्या मनात राग साठलेला असताना त्याला वाट न देता थेट खर्चाचा तक्ता समोर ठेवला की राग त्या तक्त्यावरच निघतो. एक संध्याकाळ फक्त ऐकून घेण्यासाठी ठेवली असती, तर जिन्यातल्या आगीचा आक्षेपही तेव्हाच वर आला असता आणि तीन महिने वाचले असते.

साळ्याचा अंदाज घेणे गैर नव्हते. तो लपवलेलाही नव्हता. पण नाते ज्याचे आहे त्याने स्वतः आधी सांगितले तर ती माहिती असते, दुसऱ्याने शोधून काढले तर तो आरोप होतो. यात सचोटीपेक्षा क्रमाचा भाग मोठा आहे, आणि हा क्रम पाळणे कोणाच्याही हातात असते.

भाडेकरूंना कोणी बोलावले नाही. अठरातल्या सहा घरांत तेव्हा भाडेकरू होते, पुरात बादल्या त्यांनीही वाहिल्या. मत मालकाचे, हे ठीक. पण पुण्याच्या मालकाला पटवायला समितीला जे पाच महिने लागले, ते काम त्यांच्या भाडेकरूच्या एका फोनने झाले असते असे मला वाटते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. ज्या माणसाच्या गोष्टीने बैठक हलली, त्याची खोली अजून पार्किंगमध्येच आहे, मीटर रूमला लागून, जमिनीच्या पातळीवर. मीटर साडेपाच फुटांवर गेले आणि त्याची खाट होती तिथेच राहिली. गोष्ट सांगायला त्याची परवानगी घेतली, त्याची अटही पाळली. पण प्रस्तावात त्याच्यासाठी काय आहे हे समितीतल्या कोणी विचारले नाही. कोणाच्या जिवावरच्या प्रसंगातून आपण इतरांचे मन वळवत असू, तर त्या वळलेल्या मनाचा काही लाभ त्याच्यापर्यंत पोचतो की नाही हे तपासणे बोलणाऱ्याचेच काम आहे. तसे झाले नाही तर आपण त्याची भीती फक्त वापरली, असे मी म्हणेन, आणि हे शब्द मी सचिवांशी आणि अभियंत्यांशीही असेच बोलले.

एक बदल लगेच झाला. मीटर रूमच्या दारावर आता मोठ्या अक्षरांत सूचना आहे: गेटशी पाणी दिसताच, पाय कोरडे असताना मेन बंद करा, आत पाणी आले असेल तर कोणीही हात लावू नये, वीज कंपनीला फोन करा. खाली दोन नंबर. ती सूचना काकूंनी त्याला वाचून दाखवली आणि पहिल्या पावसाआधी एकदा त्याच्याकडून मेन पाडून घेतला.

गच्चीवर एक रिकामी खोली आहे. पावसाळ्याचे चार महिने त्याने तिथे झोपावे आणि गेटसाठी बेल बसवावी, असा लेखी प्रस्ताव अभियंत्यांनी दिला आहे. रात्री उशिरा येणाऱ्यांना गेट कोण उघडेल, असा आक्षेप आलेला आहे. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय पाचवा आहे, रंगकाम आणि पार्किंगच्या पट्ट्यांनंतर. तो पहिला घ्या, असे मी सचिवांना कळवले आहे.